वजनकाट्यावरचा कचरा

चेन्नई महापालिकेने घरगुती कचरा उचलण्याचे काम खासगी कंपनीकडे दिले ते 2000 साली. शहराचे तेव्हा दहा विभाग होते. त्यांतले तीन, सात वर्षांसाठी, ‘ओनिक्स’ या फ्रेंच मालकीच्या कंपनीकडे गेले. मोबदला टनावर ठरला: वजनकाट्यावर जेवढा कचरा भरेल तेवढे पैसे. हिशेब सोपा, आणि तपासायलाही सोपा.

खोट आहे ती या सोपेपणातच. टनावर पैसे घेणाऱ्याला कचरा कमी झालेला परवडत नाही. पावसात भिजलेला कचरा जड भरतो, राडारोडा त्याहून जड. उलट भाजीची देठे परसातल्या खड्ड्यात कुजवणारे घर ठेकेदाराच्या उत्पन्नातून वजा होते. गंमत अशी, की याच शहरात 1989 साली एम. बी. निर्मल यांनी ‘एक्स्नोरा’ ही चळवळ सुरू केली होती. गल्लीतल्या घरांनी दरमहा वर्गणी काढायची, तीनचाकी गाडीवाला नेमायचा आणि त्याने दारोदार फिरून कचरा गोळा करायचा, अशी तिची रीत. कचरा घरीच वेगळा व्हावा, डेपोकडे कमी जावा, हा तिचा आग्रह. पालिकेचा करार मात्र डेपोवर किती पोहोचले तेच मोजत होता.

2007 मध्ये ओनिक्सची जागा ‘नील मेटल फनाल्का’ या भारतीय-कोलंबियन भागीदारीने घेतली. पुढे काही विभाग रामकी समूहाकडे गेले. दरम्यान 2011 मध्ये महापालिकेची हद्द 174 चौरस किलोमीटरवरून 426 वर गेली आणि विभाग पंधरा झाले. शेजारच्या नगरपालिका आणि गावांचा कचराही आता एकाच यंत्रणेने उचलायचा होता.

मोजमाप बदलले ते 2020 च्या करारात. तेनामपेट, कोडंबाक्कम, अड्यारसह सात विभाग स्पेनची ‘उर्बासर’ आणि पुण्याची ‘सुमीत’ यांच्या संयुक्त कंपनीला आठ वर्षांसाठी देण्यात आले. पैसे टनाऐवजी कामगिरीच्या निकषांवर ठरले. सुधारणा खरी, पण खर्चिक. गल्ली झाडली गेली का, ओला-सुका कचरा वेगळा उचलला का, हे वजनकाटा सांगत नाही. त्यासाठी रोज फिरणारा, ठेकेदाराच्या पगारावर नसलेला निरीक्षक लागतो. आपली माणसे आणि गाड्या कमी केलेल्या पालिकेला एका फेरीचा खरा खर्च किती, हेही पुढच्या निविदेपर्यंत आठवेनासे होते. काही विभाग स्वतःकडे ठेवण्याचा फायदा इथेच असतो: तुलनेला काहीतरी उरते.

करारात सर्वांत धूसर राहतो तो कामगार. ऑगस्ट 2025 मध्ये रॉयपुरम आणि तिरु-वि-का नगर या विभागांचे काम खासगी कंपनीकडे देण्याच्या निर्णयाविरुद्ध सफाई कामगार पालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर ठाण मांडून बसले. पगार घटेल आणि नोकरीत कायम होण्याची आशा संपेल, ही त्यांची भीती होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 13 तारखेच्या रात्री पोलिसांनी त्यांना हटवले. भागीदारीत मजुराला वेगळे स्थान देता येते, याचा दाखला पुण्यात आहे. तिथे 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाच पालिकेशी करार करते. घरांकडून शुल्क घेते, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचकांकडे राहतात.

डेपो मात्र सगळ्या करारांच्या शेवटी पालिकेच्याच पदरात. चेन्नईत असे दोन मोठे डेपो: उत्तरेला कोडुंगैयूर, दक्षिणेला पेरुंगुडी. पेरुंगुडीचा डेपो पळ्ळिकरणैच्या दलदलीत आहे. त्या दलदलीला 2022 मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथला साठलेला जुना कचरा चाळून जमीन मोकळी करण्याचे काम पालिकेने काढले, त्याचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून. कचरा वाहून आणल्याचे पैसे ठेकेदारांना वर्षांपूर्वीच मिळालेले आहेत.