मोटारीला वीज, मोटरीला पाळी



नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना या कपाशीच्या जिल्ह्यांतून तो गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने विद्युत वाहनांचे नवे धोरण मंजूर केले. विजेच्या मोटारींना या रस्त्यावर टोलमाफी आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र, असे त्यात ठरले.

विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. पण ही वीज येणार कोणत्या तारेतून, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला सुमारे तीन युनिट घेते. तीस युनिटची बॅटरी भरायला दहा तास लागतात. दिवाळीला जावई गाडी घेऊन आले, तर गावठाणच्या डीपीवर रात्रभर चार अश्वशक्तीची मोटर चालू आहे असे समजा. एवढे गाव सोसते. रस्त्यावरचा ६० किलोवॅटचा चार्जर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. पण पाच अश्वशक्तीच्या सोळा मोटरींचा भार एकटा ओढतो. ६३ केव्हीएची आख्खी डीपी त्याला पुरायची नाही.

आता शेताकडे बघा. कपाशीची बोंडे भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी. कोरडवाहूचे वर्ष त्यावर ठरते. शेती फिडरला वीज आठ तास, अजून कित्येक ठिकाणी रात्रीच्या पाळीची. त्यात डीपी जळाली, तर दुरुस्तीपर्यंत पाण्याची वेळ निघून जाते.

म्हणून जलद चार्जरला स्वतंत्र डीपी हवी, ही पहिली मागणी. गाडीसाठी चोवीस तास वीज नेता येते, तर विहिरीवर दिवसा पुऱ्या दाबाने आठ तास द्या, ही दुसरी. सूट मागत नाही, हक्काची वीज मागतो.

दोन गोष्टी आपणही पाळू. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो, आकारणी दुप्पट दराने होते. घरी मंजूर भार वाढवून घ्या, वेगळी वायर आणि पक्के अर्थिंग करा.

दुसरे, हा धंदा सोडू नका. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राने २०१८ मध्येच केला आहे. तालुक्याच्या रस्त्यालगत ज्याची जागा आहे, त्याने हिशेब मांडून बघावा. रस्त्याला जमीन आपली गेली. रस्त्यावरची कमाईही दुसऱ्यांनीच का न्यावी?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या डीपींची क्षमता, त्यांवरच्या जोडण्या आणि विजेच्या पाळीचे तास लिहून आणावेत. मागणी आकड्यांनिशी मांडू.