ट्रॅकिंग रोखणारी टूल्स : विश्वास ठेवायचा की नाही?

‘तुमच्यावर कोणी पाळत ठेवणार नाही’ असं सांगणारं टूलच तुमची माहिती विकत असेल तर? हे प्रत्यक्षात घडलेलं आहे.

काय होतं अवास्ट प्रकरण?

अवास्ट ही अँटिव्हायरस बनवणारी प्रसिद्ध कंपनी. ट्रॅकिंग कुकीज रोखतो, असं सांगून ती ब्राउझर एक्स्टेन्शनही देत होती. मात्र लोक कोणत्या वेबसाइट पाहतात, याची नोंद ही उत्पादनं गोळा करत होती. जंपशॉट या अवास्टच्याच उपकंपनीमार्फत ती १०० हून अधिक कंपन्यांना विकली गेली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. बातम्या बाहेर आल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कमिशनने अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला सांगितले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली.

टूलला एवढं सगळं दिसतं कसं?

वेबपेज उघडलं की त्यासोबत जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकरही लोड होतात. ते अडवायचे तर ब्लॉकरला प्रत्येक पेजवर नजर ठेवावी लागते. म्हणूनच एक्स्टेन्शन टाकताना ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचण्याची’ परवानगी मागितली जाते. थोडक्यात, घराची किल्ली वॉचमनकडे द्यावी लागते. वॉचमन प्रामाणिक असेल तर ठीक.

मग गूगलने नियम बदलले ते बरंच झालं?

क्रोमच्या ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ या नव्या नियमांत ब्लॉकर आपली यादी आधीच ब्राउझरकडे देतो आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. यामुळे सुरक्षितता वाढते, असं गूगल म्हणतं. पण ब्लॉकरची ताकदही कमी होते. यूब्लॉक ओरिजिन हे लोकप्रिय एक्स्टेन्शन पूर्ण रूपात क्रोमवर चालेनासं झालं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती तेवढी उरली. गूगलची बहुतांश कमाई जाहिरातींतून होते, हे इथे विसरून चालणार नाही.

ब्लॉकर लावला की काम झालं?

नाही. तुम्ही लॉगिन केलेलं असेल, तर ती साइट तुम्हाला ओळखतेच. आयपी ॲड्रेस दिसतो. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, डिव्हाइसची सेटिंग्ज जुळवून ओळख पटवण्याची ‘फिंगरप्रिंटिंग’ पद्धत कुकीजशिवाय चालते. इन्कॉग्निटो मोड मुख्यतः तुमच्या डिव्हाइसवरची हिस्टरी लपवतो.

तुम्ही काय करू शकता?

• आधी ब्राउझरमधलं संरक्षण वापरा. फायरफॉक्स आणि सफारी बरेच ट्रॅकर मुळातच अडवतात. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात.

• एक्स्टेन्शन फुकट असेल, तर बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात ते शोधा. उत्तर सापडलं नाही तर दूर राहा.

• ज्याचा कोड कोणालाही तपासता येतो, असं टूल निवडा. अवास्टसारखा प्रकार तिथे लपवणं अवघड असतं.

• न वापरलेली एक्स्टेन्शन काढून टाका. एक्स्टेन्शन विकलंही जातं. मालक बदलला की हेतूही बदलू शकतो.

ही टूल्स निरुपयोगी नाहीत. चांगला ब्लॉकर असंख्य ट्रॅकर खरोखर रोखतो. पण त्याच्याकडे तुमची किल्ली आहे, हे लक्षात ठेवून तो निवडा.