विश्लेषण : विमान तेच, अंतर तेच, मग प्रवास कुठून सुरू होतो यावर भाडे का बदलते?

दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून नागपूरकडे येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे कुठे पोहोचते, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. त्याच रात्री नागपूरहून पुण्याकडे निघणाऱ्या गाडीत मात्र जागा रिकाम्या असतात आणि तिकीट स्वस्तात मिळते. भाऊबीज झाली की चित्र उलटते. रस्ता तोच, डिझेलही तेवढेच, पण भाडे वेगळे. आंतरराष्ट्रीय विमानभाड्याचा हिशेब याच जातीचा आहे. फक्त त्यात चलन, कर आणि दोन देशांमधले करार यांची भर पडते. कळमेश्वर, काटोल, सावनेर या पट्ट्यातल्या अनेक घरांतील मुले-मुली आज आखातात, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आहेत. ‘तुम्ही इकडे या, की आम्ही तिकडे येऊ? आणि तिकीट कुणी काढायचे?’ हा प्रश्न या घरांत दरवर्षी येतो. त्याचे उत्तर देताना हा हिशेब माहीत असलेला बरा.

फरक नेमका कशात असतो?

एक प्रवासी मुंबई–लंडन–मुंबई असे जाण्यायेण्याचे तिकीट काढतो, दुसरा लंडन–मुंबई–लंडन असे. एखाद्या रात्री दोघेही एकाच विमानात शेजारी बसलेले असू शकतात. एकासाठी ती प्रवासाची सुरुवात असते, दुसऱ्यासाठी परतीची फेरी. तरीही दोघांनी मोजलेली रक्कम सारखी असेलच असे नाही. विमान कंपनीच्या दृष्टीने ही दोन वेगळ्या बाजारांतली दोन वेगळी तिकिटे असतात. भाडे प्रवास ज्या देशातून सुरू होतो त्या देशासाठी, बहुधा त्याच देशाच्या चलनात ठरवले जाते. काही देशांसाठी ते डॉलरमध्ये ठरते. त्याबरोबर किती दिवस आधी तिकीट काढावे, तिकडे किमान किती दिवस राहावे, तारीख बदलल्यास किती दंड, हे नियमही प्रवासारंभाच्या देशानुसार बदलू शकतात.

म्हणूनच मोबाइलवर व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून तिकीट शोधल्याचे दाखवले, तरी सहसा मोठा फरक पडत नाही. प्रवास नागपूरहून सुरू होणार असेल, तर संकेतस्थळ कोणत्याही देशाचे असो, मूळ भाडे भारतातून निघणाऱ्या प्रवाशाचेच राहते. फरक पडला तर तो सवलतीचा, सेवाशुल्काचा किंवा चलन बदलण्याच्या दराचा असतो.

मग हे दर कशावर ठरतात?

पहिले कारण गर्दीची दिशा. कळमेश्वर एमआयडीसीतून माल घेऊन निघणाऱ्या ट्रकवाल्याला ‘रिटर्न लोड’चे महत्त्व ठाऊक असते. जाताना पूर्ण भाडे घ्यायचे आणि येताना रिकामे येण्यापेक्षा मिळेल त्या दरात माल भरायचा. विमानाचेही तसेच. आखाती देशांतल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी लागते. तेव्हा तिकडून भारतात येणाऱ्या विमानांवर उड्या पडतात आणि ऑगस्टअखेर उलट दिशेला तीच गर्दी होते. अमेरिकेतली मंडळी डिसेंबरच्या मध्यावर नाताळच्या सुट्टीत इकडे येतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात. भारतातून अमेरिकेकडे जाणारी गर्दी वेगळ्या वेळी असते. उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आई-वडील आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठ गाठणारे विद्यार्थी, असे तिचे दोन लोंढे असतात.

दुसरे कारण ग्राहकाची ऐपत. पौंडात किंवा डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस जेवढे मोजायला तयार असतो, तेवढे रुपयात कमावणारा मोजू शकत नाही. कंपन्या हे पाहूनच दर लावतात. आपल्या चलनाचा दर घसरला की परदेशातून तिकीट काढणाऱ्याला भारतातून सुरू होणारा प्रवास आणखी स्वस्त वाटू लागतो. कंपनी नवे दर जाहीर करेपर्यंत ही फट राहते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण स्पर्धा. मुंबई किंवा दिल्लीहून लंडनला थेट जाता येते, तसेच दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूलमार्गेही जाता येते. एका प्रवाशासाठी अनेक कंपन्या भांडतात तेव्हा दर खाली येतो. जिथून एक-दोनच कंपन्या जातात, तिथे त्या सांगतील ती किंमत.

करांचा वाटा किती?

भाडे महाग दिसले की आपण सगळा दोष करांना देतो. ते अर्धेच खरे आहे. ब्रिटनमधून विमानात बसणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ‘एअर पॅसेंजर ड्युटी’ भरावी लागते. भारताएवढ्या अंतरासाठी इकॉनॉमी वर्गात ती एप्रिल २०२५ पासून ९० पौंड होती आणि एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड ठरवण्यात आली. इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालील मुलांना ती माफ आहे. भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासावर इकॉनॉमीसाठी ५ टक्के जीएसटी आहे. वरच्या वर्गांसाठी तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. याशिवाय विमानतळाचे वापरकर्ता शुल्क असते आणि ते विमानतळागणिक वेगळे असते.

पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. जाण्यायेण्याचे तिकीट मुंबईहून काढा किंवा लंडनहून, लंडनहून उडण्याचा कर दोन्ही तिकिटांत येतोच. म्हणजे जाऊन-येऊन प्रवासात दोन्ही बाजूंचे कर जवळपास सारखेच राहतात. मोठा फरक उरतो तो मूळ भाड्यात. कराचा खरा चटका बसतो तो एकेरी तिकिटात. लंडनहून एकेरी येणाऱ्याला पूर्ण ड्युटी, मुंबईहून एकेरी जाणाऱ्याला तिचा एक पौंडही नाही.

हज यात्रेने काय दाखवले?

प्रस्थानाचे ठिकाण बदलले की भाडे कसे उडी मारते, याचे सर्वांत उघड उदाहरण महाराष्ट्रातच आहे. इतर तिकिटांचे दर दर तासाला बदलतात, त्यामुळे तुलना अवघड जाते. हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंचा खर्च मात्र प्रस्थान केंद्रानुसार जाहीर होतो. २०२३ मध्ये तत्कालीन औरंगाबादहून निघणाऱ्या यात्रेकरूला मुंबईहून निघणाऱ्यापेक्षा एकूण खर्चात सुमारे ८८ हजार रुपये जास्त मोजावे लागत होते. नागपूर केंद्राचा आकडाही मुंबईपेक्षा बराच वर होता. दोन्ही ठिकाणचे यात्रेकरू त्याच जेद्दा-मदिनेला जाणार होते.

२०२४ मध्ये केरळात हेच घडले. कालिकतहून विमानभाडे सुमारे १ लाख ६५ हजार रुपये सांगण्यात आले, तर शेजारच्या कोचीहून ८६ हजारांच्या आसपास. ओरड झाल्यावर कालिकतचा दर खाली आला, तरी फरक उरलाच. कारण काय? कालिकतच्या धावपट्टीवर २०२० च्या अपघातानंतर मोठी विमाने उतरत नव्हती आणि लहान विमानांसाठी निविदा भरणारे जवळजवळ कुणी नव्हते. शिवाय हजची विमाने यात्रेकरूंना सोडून बहुतेकदा रिकामी परततात. त्या रिकाम्या फेरीचा खर्चही तिकिटात धरला जातो. मोठ्या विमानतळावर तो अनेकांत वाटला जातो, लहान केंद्रावर थोड्यांच्या माथी बसतो.

इथे भाडेफरकाचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. लंडनकराने मुंबईकरापेक्षा जास्त मोजणे हा बाजाराचा भाग आहे. त्याच्यापुढे दहा पर्याय असतात, नको तो दर तो नाकारू शकतो. आयुष्यभराची पुंजी जमवून हजला निघालेल्या शेतकऱ्यापुढे किंवा निवृत्त शिक्षकापुढे असा पर्याय नसतो. पहिला फरक खपवून घेता येतो, दुसरा घेता कामा नये.

नागपूरचे दुखणे काय?

कळमेश्वरहून सोनेगावचा विमानतळ तासाभराच्या अंतरावर. नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आहे, पण नागपूरहून थेट परदेशी सेवा आखातापुरती राहिली. दोहा आणि शारजा ही तिची ठळक नावे. एमिरेट्स नागपूरला येत नाही. लंडन, सिंगापूर किंवा न्यूयॉर्कला जायचे तर मुंबई, दिल्ली किंवा आखात गाठावेच लागते.

यामागे प्रवासी कमी असणे हे एक कारण आहे, पण तेवढेच नाही. परदेशी कंपनीला भारतात किती जागा आणि कोणती शहरे मिळतील, हे दोन सरकारांमधल्या करारांवर ठरते. दुबईसाठी दर आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली आणि नंतरची अनेक वर्षे ती वाढली नाही. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने दिल्लीपासून ५ हजार किलोमीटरपलीकडच्या देशांशी खुल्या सेवेचे दार उघडले, पण आखात त्या अंतराच्या आत येते. जागा मर्यादित असल्या की कंपन्या त्या मुंबई-दिल्लीलाच वापरणार, हे उघड आहे.

सरकारची बाजूही समजून घ्यावी. आखाती कंपन्यांना जागा वाढवून दिल्या, तर भारतीय कंपन्यांची लांब पल्ल्याची थेट उड्डाणे उभी राहणार नाहीत, असा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. पण तो दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाला जेवढा लागू पडतो, तेवढा नागपूरच्या प्रवाशाला पडत नाही. भारतीय कंपनी नागपूरहून लंडनला उडणार नसेल आणि परदेशी कंपनीला वाढीव जागाही मिळणार नसतील, तर या धोरणाची किंमत विदर्भानेच का मोजायची?

स्वस्त देशातून प्रवास सुरू करण्याची युक्ती चालते का?

युरोपात ही युक्ती जुनी आहे. लंडनचे प्रवासी डब्लिनला जाऊन तिथून लांबचा प्रवास सुरू करतात. आयर्लंडने आपला विमानप्रवास कर २०१४ मध्ये रद्द केला. भारतात बिझनेस क्लासचे प्रवासी कोलंबोहून निघण्याचा विचार करतात. पण युरोपीय पासपोर्टधारकाला जे सहज जमते, ते भारतीयाला जमेलच असे नाही. दुसऱ्या देशात उतरून, सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचे तर बहुतेक ठिकाणी त्या देशाचा व्हिसा किंवा प्रवास परवानगी लागते. वर जाण्यायेण्याचा खर्च आणि एक रात्र मुक्काम.

दुसरा धोका मोठा आहे. काही जण उलट दिशेचे स्वस्त तिकीट काढून त्यातली पहिली फेरी सोडून देण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नये. बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार तिकिटातले टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द होतात. शेवटचा टप्पा सोडला तरी वाद होऊ शकतो. ऑस्लोहून सुरू होणारे सिएटलचे तिकीट काढून शेवटची फ्रँकफर्ट–ऑस्लो फेरी न घेणाऱ्या प्रवाशावर लुफ्थान्साने २ हजार ११२ युरोंचा दावा लावला होता. बर्लिनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये तो फेटाळला, पण तोवर प्रवाशाला कोर्टाची पायरी चढावी लागलीच.

कुटुंबाने काय करावे?

कुणी कुणाकडे जायचे हे ठरवण्याआधी दोन्ही दिशांची जाण्यायेण्याची भाडी पाहावीत. डिसेंबरमध्ये चौघांनी अमेरिकेहून येण्यापेक्षा आई-बाबांनी तिकडे जाणे कधी कधी निम्म्याहून कमी खर्चाचे ठरू शकते. पैसे मुलाने भरले तरी प्रवास भारतातून सुरू होत असेल तर भाडे भारतातलेच लागते. मात्र काही कंपन्या चेक-इनच्या वेळी पैसे भरलेले कार्ड दाखवायला सांगतात, तो नियम आधी वाचावा. आपल्या कार्डाने परकीय चलनात पैसे भरल्यास बँकेचे शुल्क लागते. ते हिशेबात धरावे.

आखातातून वर्षातून दोन-तीनदा येणाऱ्यांना एक सरळ मार्ग आहे. एकदा एकेरी तिकिटाने यावे आणि पुढची तिकिटे भारतातून सुरू होणारी, जाण्यायेण्याची काढावीत. टप्पे क्रमाने वापरले की यात नियमभंग नाही. परतीच्या तारखा किती लांबच्या चालतात, एवढे तपासावे.

नागपूर–मुंबई आणि मुंबईपुढचा प्रवास वेगळ्या तिकिटांवर काढून चार-पाच हजार वाचतात, हे खरे. पण नागपूरचे विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे चुकले, तर ती जबाबदारी कुणी घेत नाही. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या ज्येष्ठांसाठी सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा.

आणि सरकारने?

दरांना कमाल मर्यादा घाला, ही मागणी सोपी आहे. खासगी ट्रॅव्हल्सनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये, असे राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरवले. दर दिवाळीला त्या नियमाचे काय होते, हे प्रवासी पाहतातच. दर खाली येतो तो एसटीच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा. विमानाचेही तसेच आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. आखाती देशांशी जागावाटपाची बोलणी होतील तेव्हा नागपूरसारख्या शहरांसाठी वेगळा वाटा राखावा, म्हणजे तो मुंबई-दिल्लीकडे वळवता येणार नाही. हजच्या निविदेत लहान केंद्रे मोठ्या केंद्रांशी जोडावीत, म्हणजे मुंबईचे काम घेणाऱ्या कंपनीला नागपूर-संभाजीनगरचेही वाजवी दरात घ्यावे लागेल. आणि पैसे भरण्याआधीच मूळ भाडे, कर आणि विमानतळ शुल्क वेगवेगळे, मराठीतही दिसावे.

नागपूर विमानतळाच्या सुमारे ७ हजार कोटींच्या विस्ताराची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नवी टर्मिनल इमारत उभी राहीलच. पण तिथून उडणाऱ्या परदेशी कंपन्यांची संख्या वाढली नाही, तर कळमेश्वरच्या प्रवाशाला चकचकीत इमारतीतून तेच महाग तिकीट घेऊन निघावे लागेल.