विसाव्याचाही हक्क

जपानी ॲनिमेशन म्हटले की डोरेमॉन आणि शिनचॅन आठवतात व आम्हा शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु या कलेची एक शांत शाखाही आहे. जपानीत तिला 'इयाशिकेई', म्हणजे मनाला विसावा देणारी, असे म्हणतात. १९९५ मध्ये कोबेचा भूकंप आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला यांनी जपान हादरला. त्यानंतर अशा कलाकृतींची ओढ तेथे वाढली. त्यांत खलनायक नसतो, लढाई नसते. पाऊस पडतो, मुले शाळेला जातात, दिवस मावळतो.

हायाओ मियाझाकी यांच्या 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या चित्रपटात दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे. चित्रपट हे दुःख लपवीत नाही आणि त्याचा आक्रोशही मांडीत नाही. मुली वाट पाहतात. रानातील एक अवाढव्य, मायाळू प्राणी त्यांना सोबत करतो. 'नॉन नॉन बियोरी' (२०१३) या मालिकेतील खेड्याच्या शाळेत निरनिराळ्या इयत्तांचे अवघे पाच विद्यार्थी एकाच वर्गात बसतात.

ओस वर्ग आम्हा कडा परिसरातील शिक्षकांनाही परिचित आहे. जपानची खेडी लोकसंख्या घटल्याने ओसरली. आमची खेडी दरवर्षी कोयत्यामागे रिकामी होतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी आईबाप पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मागे राहिलेली मुले आजीजवळ किंवा वसतिगृहात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत वाट पाहतात. टोटोरोतील बहिणींची भाषा त्यांना परकी असेल. त्यांचे वाट पाहणे परके नाही.

संघर्षाचा वारसा सांगणाऱ्यांनी विसाव्याची भाषा का बोलावी, असा आक्षेप येईल. तो गैर नाही. चित्रपटाने उचल फिटत नाही, आणि विसाव्याची गुंगी होऊ नये. मात्र फावला वेळ व कला काहींच्या वाट्याला आणि केवळ श्रम इतरांच्या वाट्याला, ही वाटणी आपल्या इतिहासानेच केली आहे. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, ती याचसाठी: पशुवत् जगण्यातून सुटका होऊन फावला वेळ मिळाल्याखेरीज माणसाला सांस्कृतिक जीवन शक्य नाही. तेव्हा ऊसतोड कामगाराच्या लेकराने निवांतपणे एक सुंदर चित्रपट पाहणे ही चैन नव्हे. तो नाकारलेल्या हक्काचा लहानसा वाटा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हंगामाच्या महिन्यांत वसतिगृहांतून आठवड्याला असा एक चित्रपट दाखवावा. शिक्षकाने शेजारी बसून मोजके संवाद मराठीत सांगावेत. नंतर मुलांना बोलू द्यावे. प्रथम त्या बहिणींविषयी, मग स्वतःच्या आईविषयी. आणि जपानमधला वर्ग का रिकामा, आपला का रिकामा, हा प्रश्न त्यांनीच विचारेपर्यंत थांबावे. मन निवलेले मूल हा प्रश्न अधिक धीटपणे विचारील, असा आमचा विश्वास आहे.