दिवाळीचे चौथे तेल

दिवाळी हा तेलाचा सण. पहाटे अभ्यंगाला तेल, दिवसा चकलीच्या कढईला तेल, संध्याकाळी पणतीला तेल. या तिन्ही तेलांविषयी दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मात्र आज चौथ्या तेलाविषयी लिहिणार आहे. ते कोणी अंगाला लावीत नाही, पण ते महागले की बाकीची तिन्ही तेले महागतात. वाण्याच्या दुकानातला डबा काही पायी चालत येत नाही. तो ट्रकमध्ये बसून येतो, आणि ट्रक डिझेल पितो.

सणासुदीच्या दिवशी कराची गाऱ्हाणी कशाला, असे कोणी म्हणेल. पण लेकीला माहेरी आणावयाचे असेल, भाऊबीजेला बहिणीच्या दारात वेळेवर पोहोचावयाचे असेल, तर या चौथ्या तेलाचा हिशेब केल्यावाचून कोणाची दिवाळी पार पडते? म्हणून वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारू नका. खाता खाताच वाचा.

मी सेलूचा. परभणी जिल्ह्यातले आमचे हे कापसाचे गाव. मुंबईच्या वर्तमानपत्रांत परभणीचे नाव एरवी दुष्काळ पडला तरच येते. पण 2018 च्या सप्टेंबरात ते निराळ्याच कारणाने आले. पेट्रोलचा भाव लिटरला 90 रुपयांना टेकला आणि देशातल्या सर्वांत महाग पेट्रोलचा मान आमच्या जिल्ह्याला मिळाला! 2021 च्या फेब्रुवारीत भारी प्रतीच्या पेट्रोलने येथे शंभरी गाठली, मे महिन्यात साध्यानेही गाठली, आणि 2022 च्या एप्रिलात भाव 120 च्याही पुढे गेला. ज्या जिल्ह्याला पाण्यात, कारखान्यांत, नोकऱ्यांत कधी पहिला नंबर मिळाला नाही, त्याला तो मिळाला तो या एका गोष्टीत.

याचे कारण काय? परभणीचे पेट्रोल काही वेगळ्या विहिरीतून येत नाही. मुंबईच्या माहूलला तेल शुद्ध होते, तेथून नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीला येते, आणि पानेवाडीहून टँकरने आमच्याकडे. परभणी तेथून तीनशे किलोमीटरच्या वर. त्या प्रवासाचे भाडे भावात चढते. इथपर्यंत तक्रार नाही. लांबचा माल महाग पडावयाचाच. पण राज्याचा कर टक्क्यांनी असतो, आणि ज्या किमतीवर तो आकारतात तिच्यात हे भाडेही आलेले असते. मुंबईबाहेर पेट्रोलवर 25 टक्के कर. म्हणजे भाड्याचा एक रुपया वाढला की सरकारचे पंचवीस पैसे वाढले. वाचकहो, हा कर पेट्रोलवरचा नव्हे. हा आमच्या लांब असण्यावरचा कर आहे! 2024 च्या जुलैपर्यंत मुंबईत कराचा दर 26 टक्के, म्हणजे आमच्यापेक्षा एक टक्का जास्तच होता. तरीसुद्धा 2018 मध्ये आणि 2021 मध्येही मुंबईकरापेक्षा परभणीकर लिटरमागे दोनेक रुपये जादा मोजत होता.

आमच्या गल्लीत एक टमटमवाला राहतो. एके काळचा माझा विद्यार्थी. आसपासच्या खेड्यांतून तो सेलूला माणसे आणतो. 2022 चा मार्च महिना होता. एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चार महिन्यांपासून चालू होता, आणि दहावीची परीक्षा सुरू झालेली. खेड्यातल्या मुलांना केंद्रावर यावयास टमटमवाचून दुसरा मार्ग नव्हता. पाहता पाहता डिझेलनेही शंभरी ओलांडली. एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, शंभराचं टाकलं तर काटा जागचा हलत बी नाही. वीस रुपयांत आता परवडत नाही. तीस केले. काय करू?"

"मग अडचण काय?" मी विचारले.

"एका बाईच्या दोन लेकी येत होत्या. मोठी दहावीला, धाकटी नववीला. आज मोठी एकलीच आली. तिची माय म्हणली, परीक्षा हाय तिला जाऊ द्या, धाकटीचं बघू पुढं."

"मग तिला फुकट आण."

"आणलं असतं, गुरुजी. दोनदा निरोप धाडला. पण ती बाई फुकट पाठवत नाही."

मी गप्प बसलो. त्याने भाडे वाढवले यात त्याची चूक नव्हती. त्याचे स्वतःचे घर आहे, गाडीचा हप्ता आहे. त्या बाईचाही दोष नव्हता. मग दहा रुपयांची ती धोंड त्या पोरीच्या वाटेवर आणून कोणी ठेवली?

मोठमोठ्या सभांतून आम्हाला अजूनही ऐकविले जाते, की पेट्रोल ही चैनीची वस्तू आहे, मोटारवाल्यांकडून कर घेतला तर गरिबाचे काय बिघडते? हे बोलणे साठ वर्षांपूर्वी शोभले असते. तेव्हा गावात मोटार एखाद्याच सावकाराची असे. आज फटफटी हे गरिबाचे तट्टू आहे. दूधवाल्याच्या चरव्या तिच्यावर, गवंड्याची थापी तिच्यावर, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारा दीरही तिच्यावरच. नांगर बैलाच्या खांद्यावरून ट्रॅक्टरवर गेला, आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. कोकणातल्या मच्छीमाराला त्याच्या होडीच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो. मिळावाच; त्याचे कष्ट थोडे नाहीत. पण समुद्रात जाळे टाकणारा कष्टकरी आणि काळ्या मातीत फाळ घालणारा चैनखोर, हा न्याय कुठला?

कर नकोच, असे मी म्हणत नाही. पेट्रोलवरचा खास कर ही कल्पना आपल्याच एका मराठी माणसाच्या समितीने देशाला दिली आहे. 1927 साली सरकारने रस्त्यांचा विचार करावयास समिती नेमली; तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावे आणि ते रस्त्यांवरच खर्च करावे, ही त्या समितीची शिफारस. त्यातून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. यात एक करार होता: तू तेल जाळतोस, रस्ता झिजतो, तू दोन आणे दे, मी रस्ता करतो. हा करार सरळ होता, कोणाही शेतकऱ्याला कळेल असा होता.

त्या कराराचे पुढे काय झाले? 2018 साली त्या निधीच्या नावात रस्त्यांच्या जोडीला 'पायाभूत सुविधा' आल्या, आणि वाटेकरी वाढले. आणि आमचे रस्ते? जिंतूर-परभणी रस्त्याचे काम किती वर्षे रखडले, हे त्या रस्त्याने गेलेल्या मणक्यांना विचारा.

आता आमच्या राज्याची गोष्ट ऐका. 2015 साली दुष्काळ पडला, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव मराठवाड्यावर बसला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून दुष्काळनिवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये जादा बसले. आम्ही दिले, दुष्काळ आमचाच होता. 2016 च्या एप्रिलात लातूरला आगगाडीने पाणी आले, त्याच वर्षी पुढे पाऊसही आला, नद्या वाहिल्या. दुष्काळ गेला, त्याच्या नावाने वाढलेला अधिभार मात्र पाहुणा म्हणून येऊन घरजावई झाला. 2017 च्या एप्रिलात पेट्रोलवरचा एकूण अधिभार 6 रुपयांवरून 9 रुपयांवर नेला. या वेळी कारण काय? महामार्गांलगतची दारूची दुकाने न्यायालयाने बंद केली, म्हणून महसूल घटला! कोणी दारू प्यावयाचे थांबला, त्याची भरपाई दूधवाल्याने करावयाची. मधूनमधून रुपया-दोन रुपये उतरविलेही. पण 2020 च्या जूनमध्ये दोन रुपये पुन्हा चढले आणि बेरीज 10 रुपये 12 पैसे झाली. 2022 च्या जुलैत पाच रुपये कमी केले. एका सरकारने लावला, दुसऱ्याने वाढविला, तिसऱ्याने अर्धा उतरविला; मुळासकट उपटला कोणीच नाही. म्हणून मी कोणत्याही एका पक्षाला बोल लावीत नाही. या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत आहे.

दिल्लीचा हिशेब याहून खोल. 2020 च्या एप्रिलात, टाळेबंदीत, जगात कच्चे तेल मातीमोल झाले. आपण तेव्हा आपल्या गरजेच्या शंभरातले पंच्याऐंशी भाग तेल बाहेरून आणत होतो. म्हणजे ही आपली दिवाळीच. पण मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढविले, आणि उतरलेला भाव वाटेतच अडला. 2014 साली पेट्रोलवर केंद्राचे साडेनऊ रुपये होते, ते जवळजवळ 33 झाले. 2021 च्या आरंभी शंभराच्या नोटेत भरलेल्या पेट्रोलमागे साठ रुपयांच्या आसपास दोन सरकारांचा कर होता. त्या 33 रुपयांपैकी राज्यांना वाटून द्यावयाचे मूळ शुल्क किती? 1 रुपया 40 पैसे! बाकीचे सारे उपकर आणि अधिभार. त्यांत राज्यांचा वाटा नाही. पुढे 2021 च्या नोव्हेंबरात आणि 2022 च्या मेमध्ये मिळून तेरा रुपये उतरले, हे मान्य. पण 2025 च्या एप्रिलात जगातला भाव पुन्हा घसरला, तेव्हा दोन रुपये पुन्हा चढलेच. पंपावरचा आकडा तेवढा हलला नाही, म्हणून कोणी ओरडले नाही. भाव चढला तर तो जगाचा, उतरला तर तो सरकारचा. गिऱ्हाइकाचा कधीच नाही.

2021 च्या 17 सप्टेंबरला आम्ही सेलूत मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडावंदन करीत होतो. त्याच दिवशी लखनौला वस्तू व सेवा कराची परिषद भरली होती. पेट्रोल-डिझेल त्या करात आणावयाचे काय, हा प्रश्न तिच्यापुढे आला, आणि 'ही वेळ नव्हे' असे ठरले. केंद्र राज्याकडे बोट दाखविते, राज्य केंद्राकडे. तेल आणावयास निघालेल्या माणसाला मात्र दोघांकडेही पैसे मोजावे लागतात.

निजामाच्या राजवटीत करोडगिरीचे नाके होते. बाहेरचा माल आला की गाडी अडवीत, पोती मोजीत, पैसे घेत. तो जुलूम होता. पण तो दिसत होता. नाकेदाराचा चेहरा ओळखीचा असे, त्याला शिव्या देता येत. आजचा नाका पंपाच्या नळीत बसला आहे. त्याला चेहरा नाही. शिव्या खातो तो पंपावरचा पोऱ्या, किंवा टमटमवाला.

मग मागावयाचे काय? मी चारच गोष्टी मागतो. राज्याचा कर टक्क्यांनी न घेता लिटरमागे ठराविक रुपयांनी घ्या, म्हणजे आमच्या अंतरावर कर बसणार नाही आणि भाव चढला की तिजोरी आपोआप फुगणार नाही. दुसरे, टँकरचे भाडे साऱ्या राज्यात सारखे वाटून द्या. कारखान्यांना पोलाद सगळीकडे एका भावात मिळावे म्हणून या देशाने 1956 पासून पस्तीसएक वर्षे रेल्वेचे भाडे समान केले होते. पोस्टाचे कार्ड सेलूहून मानवतला जाते त्याच पैशात मुंबईला जाते. मग शेतकऱ्याच्या डिझेललाच किलोमीटर का मोजावे? तिसरे, ज्या कारणाने अधिभार लावाल, ते कारण संपताच तो संपला पाहिजे. तारीख कायद्यातच लिहा. आणि चौथे, पंपाच्या प्रत्येक पावतीवर छापा: तेलाचे इतके, भाड्याचे इतके, राज्याचे इतके, केंद्राचे इतके.

आमच्या सेलूच्या पेठेत लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाच्या वहीची पूजा करतो आणि पाडव्याला नवी वही उघडतो. लहानात लहान दुकानदारालाही ठाऊक असते, की वही झाकून ठेवली तर लक्ष्मी रुसते. सरकारनेही एका पाडव्याला आमच्यासमोर आपली वही उघडावी. त्या धाकट्या मुलीचे दहा रुपये कोणत्या पानावर जमा झाले, तेवढे मला पाहावयाचे आहे.