वाडा कुणाच्या नावावर?

काष्टी परिसरातल्या महिला मंडळांत इतिहासाचा विषय निघाला की श्रीगोंद्याच्या शिंद्यांचं नाव हमखास येतं. श्रीगोंदे, म्हणजे जुनं चांभारगोंदे, हे शिंदे घराण्याकडे असलेलं गाव. तिथले शिंद्यांचे वाडे, पारनेर तालुक्यातला जामगावचा वाडा आणि ‘आपल्या भागातल्या माणसानं दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवलं’ हा अभिमान, सगळं एका दमात सांगितलं जातं. १७७२ साली महादजी शिंद्यांच्या मदतीनं शाह आलम दिल्लीत परतला, हे खरंच आहे. अभिमान जरूर असावा. पण राणोजी, जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी, महादजी, दौलतराव अशी पुरुषांचीच माळ ओढली जाते आणि गोष्ट संपते. जणू त्या वाड्यांत बाया फक्त देवघरात दिवा लावायला होत्या!

मैत्रिणींनो, मला एकच मुद्दा मांडायचा आहे. चौसोपी वाडा असो की दोन खणांचं घर, बाईला तिथं राहायला मिळतं, पण ते घर तिचं नसतं. कर्ता पुरुष गेला की हे उघडं पडतं. शिंद्यांच्या घरात ते कसं उघडं पडलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांना मुलगा नव्हता. भावाचा नातू दौलतराव गादीवर आला, तेव्हा तो पंधराएक वर्षांचा पोरगा होता. महादजींच्या मागे लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई या तीन विधवा होत्या. त्यांची नीट व्यवस्था लावण्याचं दौलतरावानं कबूल केलं होतं. ते त्यानं पाळलं नाही. ज्यांच्या नवऱ्याचा दरारा उत्तर हिंदुस्थानभर होता, त्या बायांना स्वतःच्या खर्चासाठी त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं.

पुढे धाकट्या भागीरथीबाईंशी दौलतरावाचे संबंध असल्याचा आरोप थोरल्या दोघींनी उघडपणे केला आणि असल्या धन्याला आम्ही मानत नाही, असं सांगितलं. त्या संबंधांत भागीरथीबाईंची मर्जी होती की त्यांच्यावर जबरदस्ती झाली, हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. धाकट्या विधवेची बदनामी तेवढी इतिहासात उरली.

यावर उत्तर काय मिळालं? दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे यानं या बायांना पकडून फटके मारवले. हा तोच घाटगे, ज्यानं १७९८ साली आपली मुलगी बायजाबाई हिचं दौलतरावाशी लग्न लावून दिलं आणि फौजेच्या खर्चासाठी पुणं लुटलं. मग या बायांना बुऱ्हाणपूरला पाठवायचं ठरलं. प्रत्यक्षात त्यांना नेलं जात होतं नगरच्या किल्ल्यात डांबायला. वाटेत कोरेगावजवळ मुझफ्फरखान नावाच्या पठाण सरदारानं त्यांची सुटका केली. पेशव्यांचा भाऊ अमृतराव यानं आश्रय दिला, तर जून १७९८ मध्ये घाटग्यानं त्याच्या छावणीवर तोफा डागल्या. बाया कोल्हापूरच्या दिशेनं निघाल्या. शिंद्यांचे अनेक जुने सरदार आणि फौजेचा मोठा भाग त्यांच्या बाजूला गेला. हा झगडा पुढे दोन-तीन वर्षं चालला.

याला ‘बायांचं बंड’ म्हणतात. दौलतरावानं शब्द मोडला, त्याला मात्र कुणी बंड म्हणत नाही. त्या बायांनी राज्य मागितलं नव्हतं. त्यांना उदरनिर्वाह हवा होता आणि अब्रू हवी होती. आपल्या सल्ला केंद्रात आज येणाऱ्या विधवेची मागणी याहून वेगळी असते का?

पण आपण त्यांच्या आरत्याही ओवाळायला नकोत. या लढाईत गावं उजाड झाली. त्या गावांतल्या बायांची नावं कुठल्याही बखरीत सापडणार नाहीत. पेशवाईत मोठ्या घरांमधून दळणकांडण करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या कुणबिणी आणि बटकी असत. त्यांची खरेदी-विक्री होत असे. वाड्याच्या मालकिणीला स्वतःच्या हक्काचं काही नव्हतं, आणि या बाया तर दुसऱ्याच्या मालकीच्या होत्या. बाई म्हणून आपण सगळ्या एक आहोत असं म्हणताना ही उतरंड विसरून चालणार नाही.

घाटग्याच्या मुलीचं पुढे काय झालं, तेही पाहू. १८२७ साली दौलतराव मुलगा नसताना वारला आणि बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला. त्या घोड्यावर बसत, पैशाचा व्यवहार चोख जाणत. पण गादीसाठी मुलगा दत्तक घ्यावाच लागला. तो मोठा झाला, त्यानं सत्ता मागितली, आणि १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. इंग्रजांनी दत्तक मुलालाच मान्यता दिली. सहा वर्षं राज्य चालवलेली बाई बेघर झाली. ज्या घरात महादजींच्या विधवांचे हाल झाले, त्याच घरातून ज्यानं ते हाल केले त्याची मुलगीही बाहेर पडली. म्हणून म्हणते, दोष एकट्या दौलतरावाचा किंवा घाटग्याचा नव्हता. घराची रचनाच तशी होती.

आणि ही रचना फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई १८३५ साली बायजाबाईंना त्यांच्या छावणीत भेटली. १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिनं या भेटींबद्दल लिहिलं आहे. दोघींचं बोलणं विधवांच्या हालांवरून इंग्लंडच्या कायद्यावर आलं. तिथली लग्न झालेली बाई कायद्यानं पुरती नवऱ्याच्या ताब्यात असते, हे या इंग्रज बाईनं कबूल केलं. त्या काळी इंग्लंडमध्ये बाईचं लग्न झालं की तिची कमाई आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. हे बदललं १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. मोठ्या घराण्यांचं तर विचारूच नका. केंट परगण्यातल्या ‘नोल’ या प्रचंड वाड्यात लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट जन्मली, वाढली. ती आईबापांची एकुलती एक मुलगी. १९२८ साली वडील गेले आणि वाडा तिला न मिळता चुलत्याकडे गेला, कारण ती मुलगी होती. आम्हाला सुधारणा शिकवायला निघालेल्यांच्या घरची ही गत!

आपल्याकडे कायदा हळूहळू बदलला. १९३७ साली हिंदू विधवेला हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. १९५६ साली तिला पूर्ण मालकी मिळाली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही अट गेली. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. महादजींच्या विधवांना ज्यासाठी फौज उभी करावी लागली, ते आज कागदावर आपल्याला मिळालेलं आहे.

आणि तोच कागद आपण सही करून परत देतो. माझ्या कामात मी सर्वांत जास्त वेळा पाहते ते हक्कसोडपत्र. वडील गेले की वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात. मग भाऊ गाडी घेऊन येतो, साडीचोळी होते, आणि बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठा देऊन येते. काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. ‘लग्नात खर्च केला ना?’ असं विचारलं जातं. भावाच्या लग्नातही खर्च झालेला असतो, म्हणून त्याचा हिस्सा कुणी कापत नाही. ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ ही भीती मात्र खरी आहे. सासरी मार पडला तर जायचं कुठं, हा प्रश्न त्यामागे असतो. तेव्हा सही करणाऱ्या बाईला नावं ठेवू नका. पण जे माहेर सहीवर टिकतं ते सहीनंतर किती टिकतं, हे आपण बैठकीत मोकळेपणानं बोललं पाहिजे.

गोठ्याचंही तेच. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. शेण काढते बाई, धार काढते बाई, आणि गाय विकल्याचा पैसा बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात जातो.

काय करता येईल? प्रत्येक मंडळानं एक बैठक फक्त कागदांसाठी ठेवावी. सातबारा आणि घराचा आठ नंबरचा उतारा आणावा, मोठ्यानं वाचावा, नाव कुणाचं आहे ते पाहावं. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे विचार करायला वेळ असतो. तो वापरावा. सही करायची वेळ आलीच, तर बाईसोबत मंडळातली एक मैत्रीण जावी आणि कागद आधी वाचून घ्यावा. आणि जुन्या वाड्यांची डागडुजी, माहितीफलक यांची चर्चा निघाली, तर तिथं लक्ष्मीबाई, यमुनाबाई, भागीरथीबाई, बायजाबाई ही नावंही लिहा, असा अर्ज आपण करावा. जामगावचा वाडा पुढे रयत शिक्षण संस्थेकडे गेला आणि शिक्षणाच्या कामी आला. वाड्याचा धनी बदलू शकतो, वापर बदलू शकतो, तर घराची रीत का बदलू नये?

आपल्याच जिल्ह्यात, चौंडीला, अहिल्याबाई होळकर जन्मल्या. त्यांनाही कारभार मिळाला तो नवरा, सासरा आणि मुलगा गेल्यावरच. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. जिल्ह्याला बाईचं नाव लागलं, आता सातबाऱ्याला लागू द्या.