मोहाखालची आग

हमिंगबर्ड अमेरिका खंडाबाहेर आढळत नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात फुलांतला मध पिणारा इवला पक्षी म्हणजे शिंजीर. पळस फुलला की तो हजर! पण पाठोपाठ मोहफुले वेचायला जमीन मोकळी व्हावी, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पाचोळा पेटविला जातो. झुडपाला टांगलेले त्याचे घरटे त्या वणव्यात कसे टिकावे?

मोह वेचणाऱ्या गरिबाला दोष देऊन भागणार नाही. तीच त्याची भाकर आहे. झाडाखाली जाळी बांधली तर आगीची गरजच उरत नाही. जाळी वनखात्याने पुरवावी. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क असलेल्या ग्रामसभांनी आगबंदीचा ठराव करावा. हक्काबरोबर राखणही आलीच!